तीन न उघडलेली पाकिटं

कोर्टाच्या बेलिफने केलेल्या जप्तीच्या यादीत एकतीस वस्तू भरल्या. माझ्या मोजणीत बावन्न. टेबलं तीन, त्यांतलं एक दगडी. खुर्च्या चार, कपाटं दोन, पंखे दोन, दिवे दोन, भिंतीवरचं घड्याळ एक. तापमापक दोन, हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र एक. हत्यारांचे डबे अकरा. काचेच्या पेटीतला जुना दोन पारड्यांचा काटा एक. दगडी टेबलावरचा सूक्ष्म काटा एक. आणि वजनांची पेटी एक. फरक पडला तो या शेवटच्या नोंदीत. पेटीच्या आत मखमलीच्या खाचांमध्ये एकवीस वजनं होती, शंभर ग्रॅमपासून एक मिलिग्रॅमपर्यंत, आणि ती बेलिफने धरलीच नव्हती.

"पेटी एक," तो म्हणाला. "आतलं मोजत बसलो तर संध्याकाळ होईल."

"आणि आतलं एखादं वजन हरवलं तर?"

"कुठलं हरवणारे? दाखवा बरं."

मी चिमट्याने एक मिलिग्रॅमचं वजन उचलून दाखवलं. पातळ पत्र्याचा नखाएवढाही नसलेला तुकडा, एक कोपरा पकडायला वर दुमडलेला.

बेलिफने मान मागे घेतली. "हे? हे तर मी शिंकलो तरी जाईल."

"म्हणूनच म्हणते."

त्याने पेटीपुढे 'आत लहान नग एकवीस' असं लिहिलं आणि तोंडावर रुमाल धरून पुढची ओळ सुरू केली. माणूस वाईट नव्हता. दुरुस्तीला आलेले लोकांचे नऊ काटे बाबांनी यादीतून काढायला लावले, तेही त्याने कुरकुर न करता खोडले.

आमचं दुकान काटे दुरुस्त करण्याचं आणि तपासून देण्याचं. किराणा दुकानदार, औषधवाले, सोनार, दोन प्रयोगशाळा, असे सगळे बाबांकडे येतात. बाबा त्यांचा काटा आपल्या वजनांनी तपासतात आणि तो किती चुकतो याचा दाखला देतात. आजूबाजूचे लोक त्यांना काटेवाले म्हणतात. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आले. आई म्हणते, एका घरात मिलिग्रॅमवर भांडणारा एक माणूस पुरे होता.

बाबा स्टुलावर बसले होते. आता त्यांनी विचारलं, "खोलीमालकाने परत अपील केलं का हो?"

"कोण खोलीमालक?" बेलिफने कागद उलटा करून पाहिला. "इथे वादी वकील आहेत. फी थकवल्याचा दावा. तुम्ही एकाही तारखेला हजर झाला नाहीत, म्हणून त्यांचंच ऐकून हुकूमनामा झाला. एकतर्फी."

त्याने तारीख वाचली. मी दिवस मोजले. अडुसष्ट झाले होते.

"कुठले वकील?" आईने दारातून विचारलं.

बेलिफने ऑफिसचं नाव सांगितलं. ते आमच्याच वकिलांचं ऑफिस होतं.

*

इथे थोरल्या वकिलांबद्दल सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी खोलीमालकाने दुकान रिकामं करून मागितलं. कोर्टाची नोटीस आली तेव्हा बाबांनी ती स्वतः उघडली आणि उत्तरही स्वतःच लिहिलं, तीन पानी. मालकाचं म्हणणं होतं की खोली दोनशे बारा चौरस फूट आहे. बाबांनी ती पट्टी लावून मोजली आणि कोर्टाला कळवलं की मालकाची चूक होते आहे, खोली दोनशे एकोणीस पूर्णांक चार चौरस फूट आहे. म्हणजे भाडं ठरलं त्यापेक्षा जास्त जागा आपण वापरतो, हे बाबांनी आपल्या सहीनिशी लिहून दिलं. मालकाच्या वकिलाने ते उत्तर कोर्टात दोनदा वाचून दाखवलं म्हणतात.

मग बाबा थोरल्या वकिलांकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि एक नियम घालून दिला. "काटेवाले, यापुढे कोर्टाचा शिक्का असलेलं पाकीट तुम्ही उघडायचं नाही. जसंच्या तसं, त्याच दिवशी माझ्या ऑफिसात. तुम्ही उघडलंत की तुम्ही उत्तर लिहिणार, आणि तुम्ही उत्तर लिहिलंत की मी मेलो."

दावा सहा वर्षं चालला. एक्केचाळीस तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला बाबा ठरलेली फी घेऊन जायचे. थोरले वकील पावती देत नसत. "तुमच्या वहीत लिहा, माझ्या खिशात टाका, झालं," असं म्हणायचे. बाबा लिहायचे. आमच्या दुकानात आवक-जावक वही आहे. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तिच्यात चढते: डावीकडे आवक, उजवीकडे जावक, काय, किती नग, वजन, वेळ आणि सही. पाव आणला तरी बाबा तो चढवतील, अशी आईची थट्टा होती.

आम्ही दावा जिंकलो. पुढे दीड वर्षाने थोरले वकील वारले. ऑफिस त्यांच्या पुतण्याकडे गेलं. धाकटे वकील आले तसे त्यांनी काकांच्या जुन्या डायऱ्या काढल्या. आमच्या नावासमोरचा फीचा रकाना कोरा होता. त्यांनी साध्या टपालाने एक पत्र पाठवलं. बाबा ते घेऊन स्वतः भेटायला गेले आणि म्हणाले, सगळी फी दिलेली आहे, माझ्या वहीत आहे. धाकटे वकील म्हणाले, "बघतो." बाबांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. 'बघतो' म्हणाले म्हणजे ते बघतील.

*

बेलिफ यादीची प्रत देऊन गेला. सामान उचलायला नंतर येणार होता. मी वही काढली आणि मागे मागे जात राहिले. तिन्ही नोंदी सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

पहिली: 'कोर्ट पाकीट, नग १, ४८.६ ग्रॅम, सीलबंद, ११.४०.' समोरच्या पानावर: 'वकील ऑफिस, समक्ष, ५.१५', आणि तिथल्या कारकुनाची सही. दुसरी, साडेतीन महिन्यांनी: ९.८ ग्रॅम. तिसरी, हुकूमनाम्यानंतर एकोणिसाव्या दिवशी: ३१.२ ग्रॅम. तिन्ही पाकिटं आली त्याच दिवशी बाबांच्या हातून ऑफिसात पोचलेली.

मी वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, नोंदी वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"मला वाटलं मालकाचंच काहीतरी असेल," ते म्हणाले. मग पहिल्या नोंदीवर बोट ठेवून, "म्हणजे माझ्यावरच्या दाव्याचं समन्स मीच वादीला नेऊन दिलं."

"तीनदा," आई म्हणाली.

"नियम होता, अगं."

"नियम सांगणारा माणूस जाऊन दीड वर्ष झालं होतं. अहो, एवढं दशांशापर्यंत वजन केलंत, एकदा उघडून पाहिलं असतं तर ते पाकीट काय रागावलं असतं?"

बाबांनी वही मिटली आणि तिच्या जागी, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर, कडेला कड लावून ठेवली.

*

नव्या वकीलबाईंचं ऑफिस एका छपाईच्या दुकानाच्या वर होतं. खालचं यंत्र चालू झालं की टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठायची. बाई बोलताना ग्लासावर हात ठेवत होत्या.

"हुकूमनामा रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो," त्या म्हणाल्या. "दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. समन्स मिळालंच नाही, किंवा मिळालं पण येता न येण्यासारखं सबळ कारण होतं. आणि मुदत तीस दिवसांची."

"कधीपासून?" मी विचारलं.

"समन्स मिळालं असेल तर हुकूमनाम्यापासून. मिळालंच नसेल तर तुम्हाला कळलं तेव्हापासून." त्यांनी पोस्टाच्या पोचपावतीची नक्कल पुढे सरकवली. "ही सही तुमची, काका?"

बाबांनी पाहिलं. पोस्टमन घाईत होता, पेन चालत नव्हतं. कागदावर नुसती एक वाकडी रेघ होती.

"माझीच."

"मला तर ही सही दिसत नाहीये. मला रेघ दिसते. रेघ कोणाचीही असू शकते." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी काय म्हणते ते नीट ऐका. 'समन्स मिळालं नाही' असं एक वाक्य शपथपत्रात आलं, तर मुदतही वाचते आणि दावा पुन्हा उघडतो. मग तुमच्या एक्केचाळीस नोंदी दाखवा, साक्ष द्या, हवं ते करा. पण आधी आत तर शिरायला हवं."

"एक ओळ तर आहे," आई म्हणाली. बाबांकडे न बघता.

"वहीत नोंद आहे," बाबा म्हणाले.

"वही घरी ठेवा."

"घरी ठेवली तर फी दिल्याचं कुठून दाखवू? ज्या वहीत दिलेलं लिहिलंय, त्याच वहीत आलेलं लिहिलंय. पानं फाडू का?"

यंत्र चालू झालं. बाईंनी ग्लासावर हात ठेवला.

मधे मी बोलले. आज आठवलं की वाटतं, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले की पाकिटं उघडलीच नव्हती हे सिद्ध करता येईल. ती अजून त्या ऑफिसात असतील, तर सीलबंदच असतील. आणि सीलबंद असतील, तर त्यांचं वजन वहीतल्या वजनाशी जुळेल. कोर्टात तोलून दाखवता येईल. बाबांना काहीच माहीत नव्हतं, याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "माहीत नव्हतं हे सिद्ध होईल," त्या म्हणाल्या. "मिळालं नव्हतं हे नाही."

"पण खरं आहे ना ते."

"खरं आहे," त्या म्हणाल्या, आणि अर्जाचा कोरा कागद काढला.

हुकूमनाम्याची नक्कल मिळायलाच सहा दिवस गेले. अर्ज दाखल झाला तो सत्त्याहत्तराव्या दिवशी. तीस वजा केले की उशीर सत्तेचाळीस दिवसांचा. त्याच्या माफीचा वेगळा अर्ज सोबत जोडला.

*

पाकिटं बघायला मी आधी एकटीच गेले. थोरल्या वकिलांच्या ऑफिसात छताला टेकलेल्या मांडण्या होत्या आणि त्यांवर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. कारकूनकाका तीस वर्षं तिथेच होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"काटेवाल्यांची ना तू? बस. बाबा बरे आहेत?"

"काका, बाबांनी तीन पाकिटं आणून दिली होती."

"हो, दिली ना." ते शिडी चढले, दप्तर काढलं, फुंकर मारून खाली आणलं, गाठ सोडली. आमच्या जुन्या दाव्याच्या कागदांवर तिन्ही पाकिटं ठेवलेली होती. तिन्हींचे सील जसेच्या तसे. मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीवर टेकले.

"उघडली नाहीत?"

"मी कशाला उघडू? मी ठेवतो. थोरले होते तेव्हा तारीख जवळ आली की ते म्हणायचे, काटेवाल्यांचं दप्तर काढा. आता ते दप्तर कोणी मागतच नाही."

"पण आमच्यावरचा दावा तुमच्याच ऑफिसातून गेला, काका. पत्ता तुम्हीच लिहिला असेल."

त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा बांधायला घेतली. "आठवड्याला चाळीस पत्ते लिहितो गं. आणि पाकिटावर पाठवणारा कोर्ट. तुझ्या बाबांनी आणून दिलं, मी सही केली. आम्हा दोघांना तेवढंच सांगितलेलं होतं."

धाकटे वकील आतल्या खोलीतून बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, दप्तराकडे पाहिलं. "काय आहे ते?" त्यांनी विचारलं. कारकूनकाकांनी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते खरोखरचं आश्चर्य होतं, असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "ते दप्तर तसंच राहू दे. कोर्टाने मागितलं तर देऊ."

कोर्टाने मागितलं.

*

सुनावणीच्या दिवशी दुपारपर्यंत हवा दमट झाली होती. मी बॅटरीवर चालणारा छोटा काटा, दहा ग्रॅमचं वजन आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा घेऊन गेले होते. गठ्ठा मी सकाळी दुकानात तोलला होता. दारावरच्या शिपायाने काट्याकडे संशयाने पाहिलं.

"हे काय, भाजी विकायची आहे का आत?"

"पुरावा आहे."

"असू दे, असू दे. बंद ठेवा."

न्यायाधीश वयस्कर होते, बोलणं हळू, प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबणारं. त्यांनी आधी कारकूनकाकांना विचारलं. पाकिटं तुम्ही घेतली? घेतली. कोणी आणली? काटेवाल्यांनी. उघडली? नाही. कोणाला सांगितलं? कोणी विचारलं नाही, साहेब. धाकट्या वकिलांनी उभं राहून सांगितलं की या पाकिटांबद्दल आपल्याला कालपरवापर्यंत काही माहीत नव्हतं. त्यांचा आवाज शांत होता.

मग आमच्या वकीलबाईंनी तोलण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तोलायचं? इथे?"

"अर्जदाराच्या वहीत वजनं आहेत, साहेब. जुळली तर पाकिटं उघडली नव्हती हे स्पष्ट होईल."

"तोला," ते म्हणाले. मागच्या बाकांवरचे दोघेतिघे उठून पुढे आले.

मी काटा टेबलावर ठेवला, पंखा बंद करायला सांगितलं, दहा ग्रॅमचं वजन ठेवून काटा बरोबर असल्याचं दाखवलं. मग पाकिटं. अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ. नऊ पूर्णांक नऊ. एकतीस पूर्णांक चार.

धाकटे वकील पुढे वाकले. "वहीत अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा आहे. इथे नऊ. पाकिटं दप्तरात बसून खातपीत होती का?"

हसू उठलं. मला ते अपेक्षितच होतं. मी गठ्ठा तोलून दाखवला. सकाळी दुकानातल्या कोरड्या हवेत होता त्यापेक्षा तोही शेकडा अर्ध्याच्या आसपास वाढलेला होता. "कागद हवेतलं पाणी घेतो," मी म्हणाले. "पाकिटंही तेवढीच वाढली आहेत. सील जागेवर आहे आणि आतून एक कागदही गेलेला नाही. हे ज्या दिवशी आलं त्या दिवसापासून कोणीही उघडलेलं नाही."

न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं. अगदी शेकड्याचा आकडासुद्धा. मला वाटलं, जिंकलो. बाईंकडे पाहिलं. त्या टेबलाकडे बघत होत्या.

"म्हणजे हीच ती पाकिटं," न्यायाधीश म्हणाले.

"हो साहेब."

"जी तुमच्या वडिलांना त्या दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मिळाली."

काट्यावरचा आकडा अजून स्थिर होता.

"हो."

त्यांनी पहिलं पाकीट बाबांपुढे धरलं. "काटेवाले, हे तुमच्या नावाचं आहे. उघडा."

बाबांनी पाकीट घेतलं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. "हे वकिलांकडे द्यावं लागेल," ते म्हणाले. सवयीने. मागे कोणीतरी हसलं आणि थांबलं. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "उघडा, काका. मी आहे इथे."

बाबांनी खिशातून लहान सुरी काढली, कड सरळ कापली. आतला वरचा कागद काढला आणि न्यायाधीशांनी सांगितलं म्हणून मोठ्याने वाचला. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता जातीने किंवा वकिलामार्फत हजर राहावं. न राहिल्यास तुमच्या गैरहजेरीत दाव्याचा निकाल दिला जाईल. ते प्रत्येक शब्द सारख्या वेगाने वाचत गेले, काट्यावरचं वाचन सांगतात तसे. शेवटच्या ओळीला थांबले.

"एवढंच होतं यात," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

*

निकाल बाराव्या दिवशी आला. चार पानं. मी ती जिन्यातच वाचली.

लिहिलं होतं की अर्जदार प्रामाणिक आहे याबद्दल न्यायालयाला शंका नाही. पाकिटं उघडली गेली नव्हती, हेही मान्य. मात्र अर्जदाराच्याच वहीवरून आणि अर्जदारानेच केलेल्या तोलण्यावरून समन्स योग्य रीतीने पोचल्याचं निर्विवाद सिद्ध होतं. ज्याने पाकिटाचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवलं, त्याला ते उघडणं अशक्य नव्हतं. न उघडण्याची सवय हे हजर न राहण्याचं सबळ कारण होत नाही. समन्स पोचलेलं असल्यामुळे मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजावी लागेल. सत्तेचाळीस दिवसांचा उशीर माफ करण्यासारखं काही दाखवलेलं नाही. फी दिली होती की नाही, या प्रश्नात शिरण्याची आता आवश्यकता उरत नाही. दोन्ही अर्ज नामंजूर.

"अपील?" मी विचारलं.

"करता येतं," वकीलबाई म्हणाल्या. "पण तोवर जप्ती थांबवायची तर आधी रक्कम भरायला सांगतील. तुमच्याकडे रक्कम असती तर आपण इथे कशाला असतो?" मग जिन्याच्या कठड्यावर फाइल टेकवून त्या म्हणाल्या, "माझी फी राहू दे सध्या."

"नाही," बाबा म्हणाले. "देणार. आणि पावती द्या."

घरी आईला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. मला वाटलं, आता त्या एका ओळीचा विषय काढेल. तिने काढला नाही. तो तिने कधीच काढला नाही, आणि ते मला जास्त जड गेलं. ती फक्त म्हणाली, "काय काय नेणार आहेत?"

"सूक्ष्म काटा. वजनपेटी. जुना काटा. तेवढ्यात रक्कम भागेल म्हणतात."

"मग राहिलं काय?"

"खोली," बाबा म्हणाले.

जी खोली वाचवायला सहा वर्षं दावा लढलो, ती होती. स्वयंपाकघरातले, भाजीवाल्यांचे जाडेभरडे काटे दुरुस्त करता येतील. पण वजनांशिवाय कोणाचाच काटा तपासता येत नाही. आणि तपासता आला नाही, तर दाखला देता येत नाही. औषधवाले, सोनार, प्रयोगशाळा दाखल्यासाठी यायचे. मी त्या संध्याकाळी दोन ठिकाणी नोकरीचे अर्ज लिहिले. बाबांनी ते वाचले आणि एका ठिकाणी माझ्या पदवीचं वर्ष चुकलं होतं ते दुरुस्त केलं.

*

बेलिफ सकाळी साडेदहाला आला, दोन हमाल घेऊन. रुमाल या वेळी त्याने आधीच हातात धरला होता.

"वीस मिनिटं द्या," बाबा म्हणाले.

"काका, आता अजून काय?"

"काटा दुकानातून बाहेर जातोय. बाहेर जाणारा प्रत्येक काटा आम्ही तपासून देतो."

"अहो, लिलावात कोण बघतंय ते?"

"घेईल तो बघेल."

बेलिफने हमालांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसला. तीही यादीतलीच होती. आईने त्याला पाणी दिलं.

एकवीस वजनं मी त्याच्यासमोर एकेक करून मोजली. एक मिलिग्रॅमचं आलं तेव्हा त्याने खरंच श्वास रोखला. यादीशी जुळलं. त्याने सही केली.

मग बाबांनी पंखे बंद केले, दार लोटलं, तापमान वाचलं, ते मी लिहिलं. त्यांनी चिमट्याने शंभर ग्रॅमचं वजन उचललं, काट्याच्या मधोमध ठेवलं, काचेचं दार सरकवलं आणि आकडा थांबायची वाट पाहिली. वाचन सांगितलं. वजन उचललं, शून्य पाहिलं, पुन्हा ठेवलं. खोलीत कोणी हललं नाही; हमालसुद्धा भिंतीला टेकून उभे राहिले. पाचव्या वाचनाला बाबांनी चिमटा खाली ठेवला, बोटं मांडीवर पुसली, पुन्हा सुरुवात केली.

दहा वाचनं झाली. मी जावकच्या पानावर नोंद घातली: 'सूक्ष्म काटा, नग १. वजनपेटी, नग १, आत नग २१. जुना काटा, नग १. समक्ष, ११.०५.' बेलिफने सही केली. बाबांनी वही माझ्या हातातून घेतली, नोंद वाचली आणि परत दिली.

"निष्कर्ष राहिला," ते म्हणाले.

मी लिहिला. सर्वांत मोठं वाचन १००.०००१, सर्वांत लहान ९९.९९९९. फरक ०.०००२ ग्रॅम. काटा बरोबर.